औषधांची आठवण करून देणाऱ्या मोफत ॲपचा खर्च कोण भरतो?

प्रश्न : माझ्या वडिलांना दिवसातून चार वेळा वेगवेगळी औषधे घ्यावी लागतात. वेळा चुकू नयेत म्हणून मी त्यांच्या आणि माझ्या फोनवर एक मोफत ॲप घेतले आणि त्यात औषधांची नावे, मात्रा, रक्तातील साखरेच्या नोंदी असे सगळे भरले. काही आठवड्यांतच माझ्या फोनवर मधुमेह, रक्तदाब आणि आरोग्यविमा यांच्या जाहिराती दिसू लागल्या. मुलगा म्हणतो, फोन आपले बोलणे ऐकतो. भाऊ म्हणतो, पैसे भरून जाहिरातींशिवायची आवृत्ती घे, म्हणजे प्रश्न मिटला. हे ॲप आमच्याकडून काहीच घेत नसेल तर ते चालते तरी कशावर, आणि जाहिरात दाखवण्यापलीकडे आमच्या माहितीचे ते काय करते? ते काढून टाकावे का? (नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा म्हणजे हे ॲप चालते कशावर हा. त्याचे उत्तर नीट मिळाले की ॲप ठेवायचे की काढायचे हे ठरवणे बरेच सोपे जाते. मात्र तुमच्या मुलाच्या शंकेचा निकाल आधी लावू, कारण फोन ऐकतो आहे या भीतीत लक्ष अडकून राहिले की खरी गळती जिथून होते तिकडे कोणी पाहतच नाही.

अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अँड्रॉइडवरील 17 हजारांहून अधिक ॲप्स तपासली होती. त्यांतील एकही ॲप वापरणाऱ्याच्या नकळत मायक्रोफोन चालू करून बोलणे बाहेर पाठवत असल्याचे त्यांना आढळले नाही. काही ॲप्स मात्र पडद्यावर वापरणारा काय करतो आहे याची छायाचित्रे किंवा चित्रफीत परस्पर दुसऱ्या कंपनीकडे पाठवत होती, आणि त्याची कल्पना वापरणाऱ्याला दिलेली नव्हती. या एका तपासणीने जगातल्या प्रत्येक फोनला निर्दोषत्वाचा दाखला मिळाला असे कोणी म्हणणार नाही. तरीही व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर चोवीस तास बोलणे ऐकणे, ते साठवणे, पाठवणे आणि त्यातून कामाचे शब्द वेचणे हा खर्चिक आणि उघडकीस येण्याजोगा उद्योग आहे. आयफोनवर 2020 पासून आणि अँड्रॉइडवर 2021 पासून मायक्रोफोन चालू असताना पडद्याच्या वरच्या भागात रंगीत खूण दिसते. शिवाय एवढा खटाटोप करायचा कशासाठी? वडिलांना कोणता आजार आहे आणि त्यावर कोणती गोळी किती वाजता दिली जाते हे तुम्ही स्वतःच्या हाताने टंकून दिले आहे. जे सांगूनच टाकले आहे ते चोरून ऐकण्याची गरज कोणाला पडत नाही.

अर्थात त्या जाहिराती नेमक्या याच ॲपमुळे आल्या असेही तुमच्या पत्रावरून म्हणता येणार नाही. मधल्या काळात तुम्ही एखाद्या औषधाचे दुष्परिणाम इंटरनेटवर शोधले असतील, साखर मोजण्याच्या उपकरणाची चौकशी केली असेल, विम्याच्या एखाद्या पानावर काही मिनिटे थांबला असाल, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी त्याच वाय-फायवरून हेच केले असेल. जाहिरात एका फोनवर दिसते, पण तिच्यामागचा अंदाज अनेक ठिकाणच्या कणाकणांवरून बांधलेला असतो, आणि ते कण कोणी कोणाला दिले याचा माग सामान्य वापरणाऱ्याला काढता येत नाही. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष हाच आहे. जाहिरात दिसणे हा त्यामानाने किरकोळ त्रास आहे.

आता पैशाविषयी. ॲप एकदा तयार करून सोडून दिले की ते आपोआप चालत राहते असे नाही. नोंदी साठवण्यासाठी सर्व्हरचे भाडे द्यावे लागते, फोनची प्रणाली दर वर्षी बदलते त्याप्रमाणे ॲपमध्ये बदल करावे लागतात, तक्रारींना उत्तरे देणारी माणसे लागतात. हा खर्च कुठून तरी निघावा लागतो. काही ॲप्सच्या बाबतीत तो मुळातच दुसरीकडून निघतो. बँकेचे ॲप मोफत असते, कारण बँकेचा धंदा ॲपमध्ये नसून खात्यात आहे. काही ॲप्स देणग्यांवर चालतात. सिग्नल हे संदेशांचे ॲप एका ना-नफा प्रतिष्ठानाचे आहे, आणि 2025 पर्यंत आपला वार्षिक खर्च सुमारे 5 कोटी डॉलरवर जाईल असे त्यांनी 2023 मध्ये जाहीरपणे सांगितले होते. मोफत म्हणजे बिनखर्चाचे नव्हे हे समजण्यासाठी तो आकडा पुरेसा आहे. काही ॲप्स मूळ सोयी मोफत देतात आणि अधिकच्या सोयींसाठी पैसे घेतात. त्यात बहुतेक लोक काहीच भरत नाहीत आणि भरणाऱ्या थोड्यांवर सगळ्यांचा खर्च निघतो. या रकमेतून ॲपल आणि गूगल यांची दुकानेही आपला वाटा घेतात. तो बराच काळ साधारणपणे 30 टक्के, आणि 2021 पासून लहान व्यावसायिकांसाठी 15 टक्के, राहिला आहे. काही नवी ॲप्स गुंतवणूकदारांच्या पैशावर दिवस काढत असतात. त्यांच्याविषयी सावध राहावे असे मी म्हणेन, कारण आज त्यांना तुमच्याकडून काही नको असले तरी गुंतवणूकदाराला कधीतरी परतावा हवाच असतो. व्हॉट्सॲपची वाटचाल पाहण्यासारखी आहे. एकेकाळी ते वर्षाला 1 डॉलर घेत असे, 2014 मध्ये फेसबुकने ते सुमारे 19 अब्ज डॉलरना विकत घेतले, 2016 मध्ये तो डॉलरही बंद झाला, पुढे व्यावसायिकांकडून शुल्क घेणे सुरू झाले, आणि 2025 मध्ये स्टेटसच्या भागात जाहिराती आणण्याची घोषणा झाली. ॲप तेच राहिले तरी खर्च भरणारा बदलत गेला.

या सगळ्यांत मोठा मार्ग जाहिरातींचा. 2023 मध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीचे एकूण उत्पन्न सुमारे 135 अब्ज डॉलर होते आणि त्यातले जवळजवळ 132 अब्ज जाहिरातींतून आले होते. गूगलची मालक असलेल्या अल्फाबेटच्या सुमारे 307 अब्जांपैकी सुमारे 238 अब्ज जाहिरातींचे होते. तुमच्या औषधांच्या ॲपसारखे लहान ॲप स्वतः जाहिरातदार शोधत बसत नाही. ते अशा एखाद्या जाहिरात-यंत्रणेशी जोडून घेते आणि तिने दिलेला तयार सॉफ्टवेअरचा तुकडा, ज्याला या व्यवसायात एसडीके म्हणतात, आपल्या ॲपमध्ये बसवते. पुढची सगळी देवघेव तो तुकडाच करतो. त्यामुळे ॲप बनवणाऱ्या माणसाचा हेतू पूर्णपणे चांगला असला तरी त्याच्या ॲपमधून नेमके काय बाहेर जाते हे कधीकधी त्यालाही पुरते ठाऊक नसते. प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने 2018 च्या अखेरीस 34 लोकप्रिय अँड्रॉइड ॲप्स तपासली, तेव्हा त्यांतली 61 टक्के ॲप्स उघडल्या क्षणीच फेसबुककडे माहिती पाठवत होती. वापरणाऱ्याचे फेसबुकवर खाते आहे की नाही याने त्यात फरक पडत नव्हता. त्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे 9 लाख 59 हजार ॲप्सची छाननी केली, तर त्यांतल्या सुमारे 88 टक्क्यांमध्ये अल्फाबेटच्या मालकीच्या कोणत्या ना कोणत्या सेवेकडे माहिती जाण्याची सोय आढळली.

एका जाहिरातीच्या एका दर्शनाची किंमत इतकी थोडी असते की या धंद्यात भाव हजार दर्शनांमागे बोलले जातात. ज्याला काही विकायचे आहे त्याच्या दृष्टीने कोणीही एक अनोळखी माणूस आणि ज्याच्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे असा माणूस यांत मोठे अंतर आहे, आणि दुसऱ्यासाठी तो कितीतरी जास्त मोजायला तयार असतो. म्हणून पडद्यावरची जागा रिकामी विकण्यापेक्षा त्या पडद्यासमोर कोण बसले आहे याच्या वर्णनासह विकली तर ॲपला अधिक पैसे मिळतात. गोपनीयतेचा सारा प्रश्न या फरकातून उभा राहतो.

ही विक्री कशी होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांच्या मनात जाहिरात म्हणजे ॲप आणि जाहिरातदार या दोघांतला व्यवहार असतो आणि तो तसा नसतो. तुम्ही ॲप उघडता आणि जाहिरातीची जागा पडद्यावर येते तेव्हा, अनेकदा, त्या जागेचा लिलाव पुकारला जातो. हा लिलाव साधारण एका सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतो. बोली लावणाऱ्यांना किंमत ठरवता यावी म्हणून त्यांच्याकडे एक वर्णन पाठवले जाते. त्यात कोणते ॲप उघडले आहे, फोन कोणत्या बनावटीचा आहे, त्याची भाषा कोणती, इंटरनेटचा पत्ता (आयपी ॲड्रेस) काय, परवानगी दिलेली असेल तर फोन कुठे आहे, आणि फोनचा जाहिरात ओळख क्रमांक, म्हणजे जाहिरातींसाठी फोन ओळखता यावा म्हणून त्याला दिलेला क्रमांक, अशा गोष्टी असू शकतात. जागा मिळते ती एकाच बोलीदाराला. वर्णन मात्र सगळ्यांपर्यंत पोहोचलेले असते, हरलेल्यांपर्यंतही. जाहिरात आपल्याला दिसते, चिडवते, म्हणून तीच ॲपची किंमत आहे असे आपण धरून चालतो. खरी किंमत त्या जाहिरातीच्या आधीच्या निमिषात चुकती झालेली असते, आणि तुम्ही जाहिरातीवर बोट ठेवले नाही तरी ती परत मिळत नाही.

हरलेल्या बोलीदाराने ते वर्णन विसरून जावे अशी अपेक्षा असते. ती नेहमी पाळली जात नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहिताच्या नियामक संस्थेने, डिसेंबर 2024 मध्ये मोबाइलवाला नावाच्या कंपनीवर कारवाई केली. ही कंपनी अशा लिलावांतून, बोली जिंकलेली नसतानाही, लोकांचे जाहिरात ओळख क्रमांक आणि ते कुठे आहेत याची माहिती गोळा करून ठेवत होती असा आयोगाचा आरोप होता, आणि 2018 ते 2020 या काळात जमा झालेल्या अशा क्रमांकांची संख्या 50 कोटींहून अधिक असल्याचे तक्रारीत म्हटले होते. अशा कंपन्यांना डेटा ब्रोकर म्हणतात. त्यांना कोणतीही वस्तू विकायची नसते. त्यांचा माल म्हणजे हे वर्णनच.

इथे एका प्रचलित वाक्याविषयी थोडे वेगळे मत नोंदवतो. तुम्ही पैसे देत नसाल तर विकला जाणारा माल तुम्हीच आहात, असे अनेकदा ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. मोठ्या जाहिरात-कंपन्या तुमची फाइल सहसा कोणाला विकत नाहीत, कारण ती स्वतःजवळ राहण्यातच त्यांचा फायदा असतो. त्या जाहिरातदाराला तुमच्यापर्यंत पोहोचवण्याचे पैसे घेतात. डेटा ब्रोकर मात्र खरोखरच माहिती विकतो, आणि एकदा विकलेली माहिती पुढे कोणाच्या हाती जाईल यावर कोणाचा ताबा उरत नाही. हे दोन्ही प्रकार सुखद नाहीत, तरी त्यांतला धोका सारखा नाही, आणि काळजी करायचीच तर दुसऱ्याची अधिक करावी.

यावर कंपन्यांचे ठरावीक उत्तर असे असते की आम्ही नाव घेत नाही, फक्त क्रमांक घेतो. हे जाहिरात ओळख क्रमांक ॲपलने 2012 मध्ये आणि गूगलने 2013 मध्ये आणले, आणि आधीच्या पद्धतीपेक्षा ते बरेही होते, कारण पूर्वी फोनचा कायमचा क्रमांकच वापरला जात असे आणि तो बदलण्याची सोय नव्हती. पण नाव नसणे म्हणजे ओळख नसणे नव्हे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात 15 लाख लोकांच्या मोबाइल फोनच्या ठावठिकाण्याच्या नोंदी तपासल्या होत्या, आणि कोणती व्यक्ती कोणत्या वेळी कुठे होती याचे केवळ चार बिंदू माहीत असले तरी 95 टक्के लोक त्या गर्दीतून एकेकटे वेगळे काढता येतात असे दिसून आले. कारण उघड आहे. जो फोन रोज रात्री एका ठिकाणी असतो आणि दिवसा दुसऱ्या, तो कोणाचा हे सांगायला नावाची पाटी लागत नाही. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर 2019 मध्ये अशाच एका विक्रीच्या संग्रहावर लेखमाला प्रसिद्ध केली. त्या संग्रहात 1 कोटी 20 लाखांहून अधिक फोनच्या 50 अब्जांहून अधिक नोंदी होत्या आणि नावे एकही नव्हती. तरीही पत्रकारांना त्यांतली माणसे ओळखता आली.

तुमच्या बाबतीत ठावठिकाण्यापेक्षा औषधांची यादी अधिक नाजूक आहे, म्हणून त्या क्षेत्रातली दोन प्रकरणे मुद्दाम सांगतो. अमेरिकेत औषधांवर सवलतीची कूपने देणारी गुडआरएक्स ही सेवा आहे. तिने वापरणाऱ्यांच्या आरोग्याची माहिती फेसबुक, गूगल आणि इतर कंपन्यांना जाहिरातींसाठी दिली असा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी 2023 मध्ये केला. तक्रारीनुसार 2019 मध्ये या कंपनीने हृदयविकार आणि रक्तदाब यांसारख्या आजारांवरची औषधे घेतलेल्या लोकांच्या याद्या केल्या, त्यांचे ईमेल, फोन क्रमांक आणि जाहिरात ओळख क्रमांक फेसबुकवर चढवले आणि त्या लोकांना त्याप्रमाणे जाहिराती दाखवल्या. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण 15 लाख डॉलरचा दंड भरून तडजोड केली. त्याआधी, जानेवारी 2021 मध्ये, मासिक पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या फ्लो या ॲपबाबतही अशीच तडजोड झाली होती. माहिती खासगी राहील असे आश्वासन दिलेले असताना ती फेसबुक आणि गूगलच्या, ॲपच्या वापराचे विश्लेषण करणाऱ्या सेवांसह इतर कंपन्यांकडे गेल्याचा तिथे आरोप होता. दोन्ही ठिकाणी ॲप बनावट नव्हते. त्यांचे काम ती चोख करत होती, लाखो लोकांना त्यांचा उपयोग होता, आणि माहिती बाहेर गेली ती जाहिराती आणि विश्लेषण यांच्यासाठी बसवलेल्या साधनांतून. म्हणून एखादे ॲप चांगले चालते, त्याला पाच तारे आहेत, एवढ्यावरून ते आपली माहिती राखते असा निष्कर्ष काढू नये.

परवानग्यांच्या बाबतीतले सर्वांत बोलके उदाहरण 2013 चे आहे. फोनचा दिवा टॉर्चसारखा वापरण्यासाठी ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट नावाचे एक मोफत ॲप होते आणि ते कोट्यवधी वेळा उतरवले गेले होते. ते वापरणाऱ्याचा ठावठिकाणा आणि फोनचा ओळख क्रमांक जाहिरात-कंपन्यांना पाठवत होते. दिवा लावायला माणूस कुठे उभा आहे हे कळण्याची काहीच गरज नसते, आणि ॲपच्या कामाशी ज्या मागणीचा संबंध लागत नाही तिच्यामागे बहुधा खर्च भरणारा दुसराच कोणी असतो. तुमच्या ॲपकडे याच नजरेने पाहा. औषधाची वेळ झाली हे सांगण्यासाठी त्याला घड्याळ आणि सूचना दाखवण्याची परवानगी लागेल. ठावठिकाणा, फोनमधील संपर्कांची यादी, मायक्रोफोन यांतले काही ते मागत असेल तर ते कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर मला तरी सुचत नाही.

भावाच्या सूचनेकडे वळतो. पैसे भरून घेतलेली आवृत्ती पुष्कळदा चांगली असते, आणि ज्या ॲपचा रोज उपयोग होतो त्याच्या निर्मात्याला पैसे देणे मला तत्त्वतः योग्य वाटते. परंतु जाहिरातींशिवाय या शब्दात जे वचन आहे ते पडद्यापुरते आहे. पडद्यावरची जाहिरात काढली म्हणजे ॲपच्या आतला माहिती पाठवणारा तुकडाही काढला असे गृहीत धरता येत नाही, कारण मोफत आणि सशुल्क आवृत्ती पुष्कळदा एकाच सांगाड्यावर उभ्या असतात आणि वापराचे विश्लेषण करणारी साधने दोन्हींत तशीच राहू शकतात. शिवाय पैसे भरताना तुमचे नाव, ईमेल आणि देयकाचा तपशील अशी ओळख अनेकदा आपणहून जोडली जाते. पैसे घेणाऱ्यानेही माहिती विकल्याचे उदाहरण आहेच. विषाणूरोधक (अँटीव्हायरस) सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अवास्त कंपनीने, जिच्या मोफत आणि सशुल्क अशा दोन्ही आवृत्त्या बाजारात आहेत, लोकांच्या इंटरनेट वापराची माहिती आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याच्या आरोपावरून फेब्रुवारी 2024 मध्ये 1 कोटी 65 लाख डॉलर देण्याचे ठरले. ती उत्पादने तर ट्रॅकिंग रोखण्याचे आश्वासन देत होती. तेव्हा पैसे भरण्याआधी त्या ॲपच्या गोपनीयता धोरणात सशुल्क ग्राहकांच्या माहितीविषयी वेगळे काही लिहिले आहे का ते पाहा. संपूर्ण धोरण वाचायला मी सांगणार नाही, ते कोणी वाचावे अशा हेतूने लिहिलेलेच नसते. जाहिरात, भागीदार, तृतीय पक्ष आणि विश्लेषण हे शब्द शोधून त्यांच्या आसपासची वाक्ये वाचलीत तरी पुरे.

जाहिरातींवर मी सरसकट रागावलेलो नाही हेही सांगायला हवे. ज्यांना कोणतेही शुल्क परवडले नसते अशा असंख्य लोकांना नकाशे, ईमेल, भाषांतर, शिक्षण या सोयी जाहिरातींमुळेच मिळाल्या. जाहिरात दाखवण्यासाठी पाळत ठेवावीच लागते असेही नाही. वाचक कोणता मजकूर पाहतो आहे एवढ्यावरून जाहिरात निवडणे ही जुनी पद्धत आहे आणि ती आजही वापरात आहे. तीत मधुमेहाविषयीच्या लेखाशेजारी साखर मोजण्याच्या यंत्राची जाहिरात येते, आणि वाचणारा कोण हे कोणाला कळावे लागत नाही. मात्र पाळतीवर आधारलेल्या जाहिरातीला भाव अधिक मिळतो, म्हणून कंपन्या ती आपणहून सोडत नाहीत. ॲपलने एप्रिल 2021 मध्ये आयफोनवरील प्रत्येक ॲपला इतर ठिकाणच्या हालचालींचा माग काढण्याआधी परवानगी मागणे बंधनकारक केले, त्यानंतर फेब्रुवारी 2022 मध्ये मेटाने त्या वर्षात आपले सुमारे 10 अब्ज डॉलरचे नुकसान होईल असा अंदाज वर्तवला होता. लोकांना नुसते विचारले, तरी एका कंपनीला एवढा फटका बसेल असे तिलाच वाटत होते.

आता प्रत्यक्षात काय करावे. सुरुवात दोन्ही फोनच्या सेटिंग्जपासून करा. अँड्रॉइडवर गोपनीयतेच्या भागात जाहिराती असा पर्याय असतो आणि तिथे जाहिरात ओळख क्रमांक हटवण्याची सोय आहे. तो हटवला की ॲप्सना त्या जागी केवळ शून्ये मिळतात. आयफोनवर गोपनीयता आणि सुरक्षा या भागातील ट्रॅकिंगमध्ये जाऊन ॲप्सना परवानगी मागू देण्याचा पर्यायच बंद करता येतो. यामुळे जाहिराती थांबणार नाहीत, आणि इंटरनेटचा पत्ता किंवा फोनची वैशिष्ट्ये यांवरून माग काढण्याचे प्रयत्नही पूर्ण थांबणार नाहीत, पण वेगवेगळ्या ठिकाणचे कण एकत्र जोडणारा सर्वांत सोयीचा दोरा त्यातून निघून जातो. त्यानंतर ठावठिकाण्याची परवानगी कोणाकोणाला आहे ती यादी उघडा. ज्यांना तिची गरज नाही त्यांची ती काढून घ्या, आणि हवामानासारख्या ॲप्सना ढोबळ ठिकाणच द्या. ही सोय आता दोन्ही प्रणालींत आहे. ॲपच्या दुकानात प्रत्येक ॲपखाली ते कोणती माहिती घेते याचा तक्ता असतो. तो जरूर पाहा, पण ती निर्मात्याने स्वतः भरलेली माहिती आहे हे ध्यानात ठेवून पाहा. तक्त्यात आरोग्य या शीर्षकाखालची माहिती जाहिरातीसाठी वापरली जाते असे लिहिले असेल तर पुढे विचार करण्याची गरज उरत नाही. तसे लिहिलेले नसेल तर मात्र त्यावरून पूर्ण निश्चिंत होता येत नाही.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर द्यायचे तर, हे ॲप मी ठेवणार नाही. त्याने काही गैर केले आहे असा माझा दावा नाही. तुमची गरज दिवसातून चार वेळा आठवण होण्याची आहे, आणि तेवढ्यासाठी आजाराचे नाव, मात्रा आणि साखरेच्या नोंदी बाहेरच्या कोणाकडे जाण्याची आवश्यकता नाही. फोनमधल्या नेहमीच्या घड्याळात चार गजर लावून त्यांना सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी अशी घरातल्यांनाच समजतील अशी नावे देता येतात. आयफोन असेल तर त्यातल्या हेल्थ ॲपमध्ये 2022 पासून औषधांच्या वेळांची सोय आहे आणि ती जाहिरातींवर चालत नाही. साखरेच्या नोंदी वहीत ठेवल्या तरी डॉक्टरांना त्या तितक्याच उपयोगी पडतात. एकापेक्षा अधिक जण आळीपाळीने औषधे देत असतील आणि कोणी दिले, कोणी नाही हे एकमेकांना कळणे आवश्यक असेल, तरच सामायिक नोंदीचे ॲप घ्यावे, आणि तेव्हा भावाचा सल्ला मानून, वर सांगितलेली तपासणी करून, पैसे भरावेत. त्यातही वडिलांचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख मागितली तरी ती खरी देण्याचे कारण नाही.

ॲप काढण्याआधी एक गोष्ट विसरू नका. फोनवरून ॲप काढून टाकले म्हणजे कंपनीकडचे खाते आणि त्यातल्या नोंदी पुसल्या जात नाहीत. ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते त्यात ते कायमचे मिटवण्याची सोयही असली पाहिजे, असा नियम ॲपलने 2022 पासून केला आहे, आणि गूगलच्या दुकानातही 2024 पासून तो लागू आहे. म्हणून आधी ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन दोन्ही खाती मिटवा, साखरेच्या नोंदी हव्या असतील तर त्याआधी उतरवून घ्या, आणि ॲप त्यानंतर काढा. खाते मिटवण्याचा पर्याय सापडला नाही तर दुकानातील ॲपच्या पानावर निर्मात्याचा ईमेल दिलेला असतो. त्यावर आरोग्याच्या सर्व नोंदी पुसाव्यात, त्या आजवर कोणकोणत्या कंपन्यांना दिल्या ते कळवावे आणि पुसल्याची पोच द्यावी, अशी तीन वाक्यांची मागणी पाठवा. युरोपीय संघात 2018 पासून लागू असलेल्या कायद्याने असे विचारण्याचा हक्क दिला आहे, आणि त्यामुळे अनेक मोठ्या कंपन्यांनी अशा मागण्यांना उत्तर देण्याची व्यवस्था सर्वांसाठीच उभी केली आहे, तेव्हा विचारून पाहण्यात गमावण्यासारखे काही नाही. ही मागणी वडिलांच्या खात्यासाठी वडिलांच्याच नावाने आणि त्यांना विचारून पाठवावी. नोंदी तुम्ही भरल्या असल्या तरी आजार त्यांचा आहे, आणि त्याची माहिती कोणाकडे असावी हे ठरवण्याचा पहिला अधिकारही त्यांचाच आहे.